न भरणारी जखम आणि दोन फाइली

मिरजेत दवाखाने किती आणि औषधांची दुकाने किती, याची मोजदाद मी कधी केली नाही. पण त्यांतल्या एका दुकानाच्या काउंटरमागे माझी अठ्ठावीस वर्षे गेली. शिक्षण बारावी सायन्सपर्यंत. परवाना मालकांचा, चिठ्ठी वाचून खोक्यातून औषध काढून देण्याचे काम माझे. वाचनाचा नाद मात्र पहिल्यापासून. गिऱ्हाईक नसले की औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरातला घडीचा कागद उलगडून वाचत बसायचो. पुढे हातात मोबाइल आला आणि त्या कागदांवरचे शब्द शोधता शोधता शोधनिबंधांपर्यंत पोहोचलो. इंग्रजी कच्चे, म्हणून शेजारी शब्दकोश. असा हा अभ्यास. त्याला कुणाची पदवी नाही, पण त्यामागे एक प्रश्न आहे आणि तो मला एका बाईने विचारला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर दीड-दोन महिने आमच्या दुकानात खाजेचे मलम सोडून दुसरे काही खपत नव्हते म्हटले तरी चालेल. ओले कपडे, ओली घरे, चिखल. प्रत्येकाच्या जांघेत, कमरेत गजकर्ण. त्या गर्दीत एक मावशी यायच्या. जवळच्याच एका खेड्यातल्या. दर महिन्याला सरकारी एआरटी केंद्रातून गोळ्या घ्यायच्या आणि परत जाताना आमच्याकडून घरच्यांची औषधे न्यायच्या. त्यांना एचआयव्ही आहे हे मला ठाऊक होते, कारण एकदा पिशवीतली गोळ्यांची बाटली अर्धवट दाखवून त्यांनी विचारले होते, “दादा, ह्याच्याबरोबर ही सर्दीची गोळी चालंल का?” त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

“कमरंला चट्टा उठलाय, मलम द्या की,” असे त्या म्हणाल्या आणि मी सगळ्यांना देत होतो तीच ट्यूब दिली. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड असे तीन एकत्र असलेले मलम. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. आम्ही देत होतो. सप्टेंबर ते जानेवारी मी त्यांना तशा पाच-सहा ट्यूब दिल्या असतील. जानेवारीत त्या म्हणाल्या, “खाज न्हाई दादा, पण ते भरत न्हाई.” तेव्हा कुठे माझे डोके चालले. मालकांच्या ओळखीने त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तुकडा काढून तपासला. परकराची नाडी जिथे वर्षानुवर्षे काचते, नेमक्या त्या जागी स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराचा कर्करोग निघाला. लॉकडाउन लागण्याच्या थोडे आधी शस्त्रक्रिया झाली. जांघेतल्या गाठींत तो पसरलेला नव्हता.

टाके निघाल्यावर त्या दुकानात आल्या. गर्दी कमी होईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, हे त्या आजारामुळं झालं का?”

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

व्हिएन्नातले पाच रुग्ण

एचआयव्ही आणि त्वचेचा कर्करोग यांचे नाते शोधायला बसले की पहिले नाव भेटते ते कापोसी यांचे. मोरित्झ कापोसी मूळचे हंगेरीतल्या कापोश्वार गावचे. जन्म १८३७ चा, मूळ आडनाव कोन. पुढे गावाच्या नावावरून त्यांनी आडनाव बदलून घेतले. व्हिएन्नात त्या काळी त्वचाशास्त्राची मोठी परंपरा होती आणि कापोसी तिथेच काम करत. १८७२ मध्ये त्यांनी पाच रुग्णांची हकीकत छापली. पायांवर आणि हातांवर तांबूस-जांभळे, निळसर डाग. काही सपाट, काही गाठीसारखे. हे डाग म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून होणारी वाढ असते. पुढे या आजाराला ‘कापोसी सार्कोमा’ असे नाव पडले.

त्यानंतरची शंभर वर्षे हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात एका कोपऱ्यात राहिला. भूमध्य समुद्राच्या काठचे आणि पूर्व युरोपातले, विशेषतः ज्यू समाजातले, वयस्क पुरुष, पायावर डाग, वाढ इतकी सावकाश, की बहुतेक रुग्ण दुसऱ्याच कशाने तरी मरत. पुढे आफ्रिकेतून निराळे चित्र समोर आले. युगांडा, काँगो या भागांत हा आजार तरुणांत, अगदी मुलांतही आढळत होता. इतका, की १९६१ मध्ये कंपाला येथे केवळ या एका आजारावर परिसंवाद भरला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिसरा गट दिसू लागला. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. त्यांच्यापैकी काहींना हे जांभळे डाग येत. आणि औषध कमी केले की काहींचे डाग आपोआप मावळत.

कर्करोग आणि औषध कमी करताच मावळतो, ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचली. पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली या एका निरीक्षणात होती.

काचेवरची छायाचित्रे

३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत एक छोटी नोंद आली. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मिळून २६ समलिंगी पुरुषांना कापोसी सार्कोमा झाला होता. वय २६ ते ५१. हा म्हाताऱ्यांचा, सावकाश चालणारा आजार. आणि इथे २६ पैकी आठजण निदानानंतर दोन वर्षांच्या आत मरण पावले होते. महिनाभर आधी, ५ जूनला, त्याच पत्रिकेत लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली होती. या दोन नोंदी जुळल्या आणि जगाला एका नव्या रोगाची चाहूल लागली. एड्स हे नाव पुढच्या वर्षी पडले, विषाणू सापडायला १९८३ उजाडले. म्हणजे रक्तातला विषाणू कुणी पाहण्याच्या आधी त्याची खूण कातडीवर उमटली होती.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बॉबी कॅम्पबेल नावाचा एक तरुण परिचारक होता. पायांवरचे डाग त्याला आधी चालून चालून आलेले फोड वाटले. ऑक्टोबरमध्ये कापोसी सार्कोमाचे निदान झाले. त्याने काय केले? आपल्या पायांवरच्या डागांची छायाचित्रे काढली आणि कॅस्ट्रो भागातल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावली, की असे डाग कुणाला दिसले तर डॉक्टरांना दाखवा. डिसेंबरपासून तो एका स्थानिक वर्तमानपत्रात आपल्या आजारावर लिहू लागला. १९८३ मध्ये ‘डेन्व्हर तत्त्वे’ म्हणून ओळखला जाणारा जाहीरनामा रुग्णांनीच लिहिला. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला घ्या, असे सांगणारा. त्या रुग्णांतही तो होता. ऑगस्ट १९८४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला.

औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनीच समजून घ्यावे. त्याच्या दुकानाच्या काचेवर डाग दाखवा असे लिहिले होते. माझ्या काउंटरवरून डाग झाकण्याची ट्यूब जात होती.

दुसरा विषाणू

सुरुवातीला अनेकांना वाटले, की एचआयव्हीच हे डाग उठवतो. पण हिशेब जुळत नव्हता. १९९० मध्ये व्हॅलेरी बेराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एड्सच्या नोंदींची छाननी करून दाखवले, की एड्सच्या रुग्णांना कापोसी सार्कोमा होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा किमान वीस हजार पट होते आणि अन्य कारणांनी प्रतिकारशक्ती घटलेल्यांपेक्षा सुमारे तीनशे पट. पण त्याहून महत्त्वाचा आकडा निराळाच होता. समलिंगी संबंधांतून एचआयव्ही झालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के रुग्णांना हा कर्करोग होता. रक्तघटकांच्या इंजेक्शनांतून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांत मात्र फक्त एक टक्का. एचआयव्ही दोघांच्याही अंगात. मग फरक कशाचा? बेराल यांचा तर्क असा, की दुसराच कुठला तरी संसर्ग असला पाहिजे. तो एका गटात पसरला आहे आणि दुसऱ्यात नाही.

१९९४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने तो शोधून काढला. रुग्णाच्या डागातले जनुकीय द्रव्य आणि त्याच रुग्णाच्या निरोगी भागातले जनुकीय द्रव्य समोरासमोर ठेवायचे, दोघांत जे समान ते वजा करायचे आणि उरेल ते पाहायचे, अशी ती पद्धत. उरले ते हर्पीस कुळातल्या एका अज्ञात विषाणूचे तुकडे. तपासलेल्या २७ डागांपैकी २५ डागांत ते सापडले. हाच मानवी हर्पीस विषाणू-८. तो मुख्यतः लाळेतून पसरतो, एकदा शिरला की जन्मभर अंगात राहतो आणि बहुतेकांना काहीही करत नाही.

आता व्हिएन्नाचे म्हातारे, युगांडातली मुले, मूत्रपिंड बदललेले रुग्ण आणि न्यूयॉर्कचे तरुण एका ओळीत येतात. विषाणू चौघांतही आहे. पण निरोगी शरीरात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. त्यांतल्या सीडी-४ नावाच्या पेशी बाकीच्या फौजेला हुकूम देतात. वयाने, औषधाने किंवा एचआयव्हीने हा पहारा ढिला झाला की दबा धरून बसलेला विषाणू पेशींना भराभर वाढायला लावतो. एचआयव्ही नेमका सीडी-४ पेशींवरच घाव घालतो, शिवाय त्याचे एक प्रथिन या वाढीला हातभार लावते. म्हणून तिथे आजार इतका उग्र.

यातून मला जे समजले ते थोडक्यात असे: एचआयव्ही बहुतेक वेळा स्वतः कर्करोग करत नाही. तो राखणदार हटवतो. राखणदार हटल्यावर शेतात कोण शिरणार, हे त्या शेताच्या आजूबाजूला कोण वावरते यावर ठरते. कुठे हर्पीस विषाणू, कुठे ऊन, कुठे आणखी काही.

राखणदार परत आल्यावर

१९९६ च्या सुमारास एचआयव्हीवर एकाच वेळी तीन औषधे देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांत कापोसी सार्कोमाचे प्रमाण झपाट्याने कोसळले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या अनेक रुग्णांचे डाग केवळ एआरटीने मावळले, कर्करोगाचे वेगळे औषध न देता. मूत्रपिंडाच्या रुग्णांत जे दिसले होते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर दिसले. राखणदार परत आला.

पण औषध केव्हा सुरू करावे यावर वाद होता. सीडी-४ पेशी चांगल्या असताना कशाला गोळ्या खायच्या? २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या चाचणीने त्याचा निकाल लावला. ३५ देशांतले ४,६८५ लोक, सगळ्यांच्या सीडी-४ पेशी ५०० च्या वर. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना नंतर. लगेच औषध घेणाऱ्यांत कापोसी सार्कोमाचा एक रुग्ण; थांबलेल्यांत अकरा. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली आणि २०१७ पासून निदान झाले की लगेच औषध, हे धोरण आले. मावशी त्या जुन्या काळातल्या. सीडी-४ पुरेशा खाली येईपर्यंत थांबलेल्या.

आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला, कापोसी सार्कोमा आजही अनेक देशांत मोठा प्रश्न आहे. तिथे हर्पीस-८ बालपणीच घरोघर पोहोचतो आणि अनेकांच्या हाती एआरटी उशिरा येते.

ऊन, डोळे आणि आणखी एक विषाणू

एआरटीने आयुष्य वाढले. आणि आयुष्य वाढले की म्हातारपणाचे आजार येणारच. त्वचेचे साधारण कर्करोगही त्यांतलेच. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून सिल्व्हरबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात एचआयव्हीसह जगणारे सुमारे साडेसहा हजार आणि एचआयव्ही नसलेले सुमारे ३७ हजार गोरे लोक होते. बेसल सेल आणि स्क्वेमस सेल, या दोन नेहमीच्या कर्करोगांचे प्रमाण एचआयव्हीसह जगणाऱ्यांत सुमारे दुप्पट निघाले. त्यांतही स्क्वेमस सेलचा धोका सीडी-४ पेशी जितक्या कमी तितका जास्त.

दुप्पट म्हणजे वीस हजार पट नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. गोऱ्या कातडीवर उन्हातले अतिनील किरण पेशींच्या जनुकांना इजा करतात. अशा बिघडलेल्या पेशी पहाऱ्यावरच्या पेशी वेळीच टिपून मारतात. पहारा थोडा ढिला असेल तर काही निसटतात. एआरटीने राखणदार परत येतो, पण पूर्वीइतकाच तल्लख असेलच असे नाही.

२००८ मध्ये चँग आणि मूर यांच्याच प्रयोगशाळेने, आता पिट्सबर्गमधून, मर्केल सेल कार्सिनोमा या दुर्मिळ पण आक्रमक त्वचाकर्करोगातही एक नवा विषाणू शोधला. त्याआधी २००२ मध्येच एका अमेरिकी अभ्यासात एड्सच्या रुग्णांत हा कर्करोग सुमारे तेरा पट आढळला होता. मात्र तीन लाखांहून अधिक रुग्णांत मिळून प्रत्यक्ष रोगी सहा होते. ‘तेरा पट’ वाचून घाबरण्याआधी ‘सहा’ वाचावे, हे मी अशा वाचनातून शिकलो.

आणि पूर्व आफ्रिकेत तेच ऊन निराळ्या जागी घाव घालते. युगांडा, रवांडा या विषुववृत्ताजवळच्या देशांत १९९० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले, की एचआयव्ही असलेल्या तरुणांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर स्क्वेमस सेलच्या गाठी वाढताहेत. ही काटेकोर अर्थाने त्वचा नव्हे, पण गोष्ट तीच. काळी कातडी उन्हापासून अंगाचे रक्षण करते. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला ते कवच नाही.

आपल्या कमरेवर

मग आपल्याकडे काय? देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. तरीही भारतात कापोसी सार्कोमाच्या नोंदी मोजक्याच आहेत. कारण आता वाचकाच्या ध्यानात आले असेल: हर्पीस-८ आपल्याकडे फार पसरलेला नाही. राखणदार हटला तरी तो विशिष्ट चोर आजूबाजूला कमी. आणि आपल्या सावळ्या कातडीतले रंगद्रव्य उन्हाचा मारा बराच अडवते.

म्हणून आपल्याला धोका नाही का? इथेच परदेशी यादी जशीच्या तशी उचलण्यातली चूक आहे. सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांत स्क्वेमस सेल कर्करोग बहुधा उन्हाच्या जागी येत नाही. तो जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षानुवर्षे न भरलेल्या व्रणावर, सतत घासल्या जाणाऱ्या जागी येतो. ही गोष्ट मुंबईत फार पूर्वी ओळखली गेली होती. टाटा रुग्णालयातले थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ मध्ये भारतीयांच्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर एक निबंध सहलेखिका सूर्याबाई यांच्याबरोबर प्रसिद्ध केला. त्यात धोतराची गाठ जिथे घट्ट काचते, त्या कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद आहे. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी स्त्रियांमधल्या अशाच कर्करोगाला ‘साडी कॅन्सर’ म्हटले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीखाली झालेल्या अशा दोन रुग्णांची हकीकत एका ब्रिटिश नियतकालिकात छापली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी नवलाची म्हणून दिली. खरे तर ती जवळजवळ ऐंशी वर्षे जुनी होती.

हे कर्करोग एचआयव्ही नसलेल्यांनाही होतात, हे आधी सांगितले पाहिजे. पण जिथे घर्षणाने कातडी पुन्हा पुन्हा सोलवटते, भरते, परत सोलवटते, तिथे बिघडलेल्या पेशी निर्माण होण्याची शक्यता वाढते. आणि पहारा ढिला असेल तर त्या निसटण्याचीही. याशिवाय गुप्तांग आणि गुदद्वाराजवळच्या कातडीवर एचपीव्ही हा मस्से उठवणारा विषाणू असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत तो सहज जात नाही आणि काहींत त्यातून कर्करोग होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँकर’ या अमेरिकी चाचणीने दाखवले, की गुदद्वारातले कर्करोगपूर्व बदल वेळीच काढून टाकले तर कर्करोग होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटते. म्हणजे ही जागा तपासून घेण्यात अर्थ आहे. पण ती दाखवायची कुणाला आणि कोणत्या तोंडाने, हाच तर प्रश्न.

दोन फाइली

मावशींच्या बाबतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मलम नव्हती. एआरटी केंद्रात त्या महिन्याला जात होत्या. तिथे त्यांचे वजन होत होते, गोळ्या मोजल्या जात होत्या, सीडी-४ ची नोंद होती. पण कमरेचा चट्टा त्यांनी तिथे सांगितला नाही, कारण “तिथं तेवढंच बघत्यात” असा त्यांचा समज. आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर एचआयव्हीचे सांगितले नाही, कारण भीती. एका फाइलमध्ये रक्त, दुसऱ्या फाइलमध्ये कातडी. दोन्ही फाइली एका बाईच्या, एकाच शहरातल्या, आणि त्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. दोन्ही ठाऊक असणारा माणूस एकच होता, काउंटरमागे उभा, आणि तो ट्यूब विकत होता.

त्यांच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणे हा त्यात भेदभाव ठरतो, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. पण कायदा लागू झाला म्हणून ओसरीवर बसलेल्या शेजारणी बदलत नाहीत.

तरी ज्यांना हे उपयोगी पडेल त्यांच्यासाठी, वाचलेल्यातून आणि दुकानातल्या अनुभवातून, काही गोष्टी लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शब्द शेवटचा.

चार आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून फुटणारा चट्टा, जुन्या वणावर उठलेली टणक गाठ, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, तळपायावरचा किंवा नखाखालचा नवा काळा डाग, जांभळट न दुखणारे डाग, तोंडातल्या टाळूवरचा तसाच डाग: हे दाखवावे. एआरटी केंद्रात “आणि हे पण बघा” एवढे चार शब्द म्हणावेत. घाबरून जायचे कारण नाही, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या कातडीवर उठणारे बहुतेक काही कर्करोग नसते. बुरशी असते, खाजेच्या पुळ्या असतात. बार्टोनेला नावाच्या जिवाणूने येणाऱ्या, हुबेहूब कापोसीसारख्या दिसणाऱ्या गाठीही असतात, आणि त्या साध्या प्रतिजैविकांनी बऱ्या होतात. नुसते पाहून यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. तुकडा तपासूनच कळतो. म्हणून बायोप्सीला भिऊ नये. तिला नकार देण्यातच धोका आहे.

स्टेरॉइड असलेले मलम स्वतःच्या मनाने लावू नये. ते लालसरपणा आणि खाज दाबते, आजार दाबत नाही. आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते, की डॉक्टरही चकतात. कापोसी सार्कोमा असेल तर पोटात घेतलेली किंवा सुईने दिलेली स्टेरॉइड तो भडकवू शकतात. अशी औषधे सुरू करणाऱ्या डॉक्टरांना एचआयव्हीविषयी ठाऊक असणे म्हणूनच गरजेचे. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत जुने डाग वाढल्यासारखे दिसले तरी गोळ्या बंद करू नयेत. राखणदार जागा झाल्याची ती धांदल असते. केंद्रात जाऊन सांगावे. आणि परकराची नाडी, करदोटा, कमरेचा पट्टा: सैल बांधावा, जागा बदलावी, नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी. काळा किंवा पांढरा पडलेला काच दिसला तर तो ‘बाईच्या जातीला असायचाच’ म्हणून सोडू नये.

मावशी गेल्या पावसाळ्यात दुकानात आल्या होत्या. त्यांचा प्रश्न माझ्याजवळ तसाच होता. मी म्हटले, “मावशी, तुम्ही विचारलं होतं, त्या आजारामुळं झालं का. नुसत्या त्याच्यामुळं नाही. नाडीनं सुरुवात केली असंल, त्या आजारानं वाट मोकळी केली असंल. किती कुणाचं, ते एका माणसाच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नाही. पण गोळ्या चालू होत्या म्हणून ते आवरण्याजोगं राहिलं असंल. आणि उशीर झाला, त्यात माझा वाटा आहे.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्हीच तर धाडलं की डॉक्टरकडं.” ते पूर्ण खरे नव्हते, पण त्यांना तेवढेच आठवत होते, किंवा तेवढेच आठवायचे होते.

दुकानाच्या काचेवर आता एक कागद आहे. मालकांनी आधी कुरकुर केली, कारण त्याने मलमाचा खप कमी होतो, आणि होतोच. माझ्याच अक्षरात त्यावर लिहिले आहे: ‘महिनाभरात न भरणाऱ्या जखमेला मलम मागू नये. डॉक्टरांना दाखवावी. कुठे दाखवायची ते आत विचारा, नाव सांगावे लागणार नाही.’ आठवड्यातून एखादा माणूस गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो. तो थांबला की मी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवतो.